लिनक्सवर ‘लेथल कंपनी’: दर शनिवारी पुन्हा बंद पडणारा गेम

गेम विकत घेऊन चालवायच्या ‘स्टीम’ अ‍ॅपमध्ये ‘प्ले’ दाबलं की हिरवं बटण निळं होतं. पाच-सात सेकंद ‘स्टॉप’ दिसतं आणि बटण पुन्हा हिरवं. खिडकी उघडत नाही, चूक काय झाली ते सांगणारा संदेश येत नाही, पंख्याचा आवाजसुद्धा वाढत नाही. गेल्या शनिवारी याच लॅपटॉपवर तीन तास खेळलेला गेम आज उठायलाच तयार नाही, आणि तिकडे तिघं जण लॉबीत वाट बघत बसलेत.

हा त्रास मी कित्येक आठवडे काढला. दर वेळी काहीतरी खटपट करून गेम सुरू व्हायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीची) आवृत्ती बदल, गेम काढून पुन्हा टाक, जुना प्रिफिक्स (प्रोटॉनने त्या गेमसाठी केलेला फोल्डर) पुसून नवा होऊ दे, हे सगळं करून झालं. दुखणं मात्र गेममध्येही नव्हतं आणि प्रोटॉनमध्येही नव्हतं. गेम ज्या ड्राइव्हवर ठेवला होता, तिथे होतं. एका लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या बऱ्याच जणांचा गेम याच जागी अडतो, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘लेथल कंपनी’ हा झीकर्स या टोपणनावाने काम करणाऱ्या एकट्या माणसाने केलेला भयपट-गेम. २३ ऑक्टोबर २०२३ला स्टीमवर अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला) आला, तो फक्त विंडोजसाठी. चार जणांनी मिळून निर्जन चंद्रांवरच्या पडीक कारखान्यांतून भंगार गोळा करायचं आणि तीन दिवसांत कंपनीचा कोटा भरायचा. पहिला कोटा १३०चा असतो. लिनक्ससाठी याची वेगळी आवृत्ती नाही. तरी तो चालतो, कारण स्टीममध्ये प्रोटॉन आहे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये आणलेली ही सोय ‘वाइन’ या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर उभी आहे. विंडोजचा गेम मागतो त्या गोष्टी ती लिनक्सच्या भाषेत पुरवते, आणि डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीतलं चित्र डीएक्सव्हीके नावाचा भाग व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या पद्धतीत बदलून देतो.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. विंडोज ठेवलंय ते टॅलीसाठी. लोकांची खाती ज्या विंडोजमध्ये आहेत, तिथे कुठून कुठून उतरवलेले मॉड (खेळाडूंनी गेमसाठी केलेले फेरबदल) चालवायचे नाहीत हा माझा नियम, म्हणून खेळायचं ते लिनक्समध्येच. पण विंडोजच्या काळातली स्टीम लायब्ररी डी ड्राइव्हवर तयार होती. सगळं पुन्हा उतरवायला नको म्हणून लिनक्समधल्या स्टीमला तोच ड्राइव्ह दाखवला. सोमवार ते शुक्रवार विंडोज आणि टॅली, शनिवारी रात्री लिनक्स आणि गेम. दर शनिवारीच गेम का बंद पडतो, याचं उत्तर या वेळापत्रकातच होतं. ते दिसायला मला फार वेळ लागला.

म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: गेम शेवटचा नीट चालला तेव्हापासून आजपर्यंत मध्ये काय झालं? विंडोज चालू केलं होतं का? लिनक्सचं अपडेट झालं का? गेमचं अपडेट आलं का? या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि लक्षण मात्र एकच: बटण हिरवं, निळं, हिरवं.

मध्ये विंडोज चालू केलं असेल तर

डी ड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये उघडा आणि तिथे एक नवा रिकामा फोल्डर करून बघा. होत नसेल, तर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडला गेलाय. गेमला तिथे काही लिहिता येत नाही, म्हणून तो उठत नाही. अशा वेळी स्टीम कधीकधी ‘डिस्क राइट एरर’ दाखवतं, कधी तेही नाही.

याचं कारण विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज ८पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून झोपी जातं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. या झोपेत एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइली ठेवणारा, ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो. लिनक्सला ते दिसतं आणि तुमचा डेटा बिघडू नये म्हणून ते त्यावर लिहायला नकार देतं. जुना एनटीएफएस-३जी ड्रायव्हर अशा वेळी ड्राइव्ह केवळ वाचण्यासाठी जोडतो. लिनक्स ५.१५पासून, म्हणजे २०२१पासून कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर बऱ्याचदा जोडतच नाही. जबरदस्तीने जोडण्याचा पर्याय आहे, पण तो वापरू नका. लिनक्सचा नकार योग्य आहे.

उपाय विंडोजमध्ये करायचा. कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा, डावीकडे पॉवर बटणांनी काय करावं ते ठरवणारी ओळ आहे ती दाबा. वर ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदला’ अशा अर्थाची निळी ओळ दिसेल. ती दाबल्याशिवाय खालचे चौकोन हलत नाहीत. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा आणि सेव्ह करा. हे करायला आत्ता वेळ नसेल तर विंडोजमधून बाहेर पडताना ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून लिनक्स निवडा. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. विंडोजचं मोठं अपडेट झालं की ती खूण परत आलेली नाही ना, एवढं बघून घ्या.

फोल्डर होतोय, लिहिता येतंय, तरी गेम उठत नाही? मग दुसरी गोष्ट. माझं खरं दुखणं हेच होतं.

प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतं. त्याला प्रिफिक्स म्हणतात. तो स्टीमअ‍ॅप्स फोल्डरमधल्या ‘कॉम्पॅटडेटा’ या फोल्डरात गेमच्या क्रमांकाने असतो. लेथल कंपनीचा क्रमांक १९६६७२०. त्या प्रिफिक्सच्या आत ‘डॉसडिव्हायसेस’ नावाचा फोल्डर आहे आणि त्यात दोन लिंक: एकीचं नाव सी आणि त्यापुढे विसर्गासारखं अपूर्णविराम, दुसरीचं झेड आणि तेच चिन्ह. हेच गेमचे सी ड्राइव्ह आणि झेड ड्राइव्ह. लिनक्सला फाइलच्या नावात अपूर्णविराम चालतो. विंडोजला अजिबात चालत नाही. लिनक्सने एनटीएफएसवर ही नावं लिहून टाकली, की विंडोज पुढच्या डिस्क तपासणीत त्यांना बिघाड समजतं आणि ‘दुरुस्त’ करतं, म्हणजे काढून टाकतं. गेमचा सी ड्राइव्हच नाहीसा झाल्यावर गेम उघडणार कुठून?

प्रिफिक्स पुसला की प्रोटॉन या लिंक नव्याने तयार करतं, म्हणून गेम चालतो. आठवड्यात विंडोज पुन्हा तपासणी करतं, पुन्हा काढतं. माझा दर शनिवारचा ‘उपाय’ हा एवढाच होता. आणि त्या पुसण्यात माझ्या सेव्ह फाइल जात होत्या. या गेममध्ये यजमानाच्या मशीनवर सेव्ह राहतो आणि यजमान मीच. जहाजावर जमवलेलं सगळं सामान दोनदा गेलं, माझं एकटीचं नाही, चौघांचं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. प्रिफिक्सला हात लावण्याआधी सेव्ह बाहेर काढून ठेवा, हे त्यातून शिकले.

सेव्ह कुठे असतो ते सांगते. स्टीममध्ये गेमवर उजवं बटण दाबून ‘मॅनेज’, मग ‘ब्राउझ लोकल फाइल्स’. गेमचा फोल्डर उघडेल. तिथून दोन पायऱ्या वर आलात की स्टीमअ‍ॅप्स. त्यात कॉम्पॅटडेटा, त्यात १९६६७२०, मग ‘पीएफएक्स’, ‘ड्राइव्ह सी’, ‘यूजर्स’, ‘स्टीमयूजर’, ‘अ‍ॅपडेटा’, ‘लोकललो’, त्यात झीकर्सच्या नावाने सुरू होणारा फोल्डर आणि त्यात ‘लेथल कंपनी’. एलसीसेव्हफाइल अशा नावाच्या फाइली दिसतील. पूर्ण फोल्डरच कॉपी करून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा.

आता कायमचा इलाज. लेथल कंपनी जेमतेम १ जीबीचा गेम आहे, तेव्हा त्याला डी ड्राइव्हवर ठेवण्यात काही अर्थ नाही. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’खाली लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवरची (डिस्कच्या भागावरची) लायब्ररी असतेच. गेमवर उजवं बटण, ‘प्रॉपर्टीज’, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, आणि ‘मूव्ह इन्स्टॉल फोल्डर’. तो हलला की एकदा गेम चालू करा. नवा प्रिफिक्स लिनक्सच्या डिस्कवर तयार होईल. गेम बंद करून सेव्हचा फोल्डर त्याच जागी परत टाका. झालं.

ज्यांचे गेम ६०-७० जीबीचे आहेत आणि लिनक्सच्या पार्टिशनवर जागा नाही, त्यांनी गेम डी ड्राइव्हवरच राहू द्यावा आणि फक्त कॉम्पॅटडेटा हलवावा. स्टीम पूर्ण बंद करा. डी ड्राइव्हवरचा कॉम्पॅटडेटा फोल्डर आपल्या होम फोल्डरमधल्या एखाद्या नव्या फोल्डरात कॉपी करा, आणि सगळं नीट आल्याची खात्री झाल्यावर मूळचा काढा. मग होममधला कॉम्पॅटडेटा कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबून धरून परत स्टीमअ‍ॅप्समध्ये ओढा. मिंट आणि उबुंटूच्या फाइल मॅनेजरात अशाने कॉपी न होता लिंक तयार होते. लिंकचं नाव नेमकं कॉम्पॅटडेटा एवढंच हवं. पुढे ‘लिंक टू’ असं काही लागलं असेल तर काढून टाका. हा माझ्या मनाचा जुगाड नाही, प्रोटॉनच्या अधिकृत टिपणांतही कॉम्पॅटडेटा एनटीएफएसच्या बाहेर ठेवायलाच सांगितलंय.

याच कुळातली एक छोटी अडचण: स्टीम उघडल्यावर गेम ‘इन्स्टॉल’ करायचा राहिलाय असं दिसतं. घाबरून पुन्हा उतरवू नका. डी ड्राइव्ह अजून जोडलाच गेलेला नाही. फाइल मॅनेजरमध्ये त्यावर एकदा क्लिक करून स्टीम पुन्हा चालू केलं की गेम परत येतो. रोजची कटकट टाळायची तर ‘डिस्क्स’ या अ‍ॅपमध्ये त्या पार्टिशनखालच्या चाकाच्या चिन्हातून माऊंटचे पर्याय उघडा आणि मशीन सुरू होतानाच जोडण्याची खूण करा. स्टीम फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात बसवण्याच्या पद्धतीने) घेतलं असेल तर त्याला बाहेरच्या ड्राइव्हची परवानगीच नसते. ती ‘फ्लॅटसील’ या अ‍ॅपमधून द्यावी लागते.

मध्ये लिनक्सचं अपडेट झालं असेल तर

इथे संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, विशेषतः एनव्हिडियाच्या. नवा कर्नल आला की त्याच्यासाठी ड्रायव्हरचा भाग पुन्हा बांधावा लागतो. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू न होऊ देणारी सोय) चालू असेल तर त्यावर सही लागते, आणि ती नसेल तर ड्रायव्हर निमूटपणे गळतो. डेस्कटॉप दिसत राहतो, कारण तो दुसऱ्या ड्रायव्हरवर चालतो. गेम मात्र काळा पडदा दाखवतो, नाहीतर सेकंदाला दोन-तीन चित्रं या गतीने रांगतो. मशीन सुरू होताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर गेम चालला तर निदान झालं. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर पुन्हा बसवा.

फ्लॅटपॅकवाल्यांसाठी वेगळी खूणगाठ: फ्लॅटपॅकच्या आत एनव्हिडियाचा स्वतंत्र भाग असतो आणि त्याचा क्रमांक बाहेरच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावा लागतो. सिस्टिम अपडेट केलीत आणि फ्लॅटपॅक केलं नाहीत, की गाडी अडली. दोन्ही एका बैठकीत अपडेट करत जा.

जुन्या मशीनचं दुखणं निराळं. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.०पासून व्हल्कन १.३ लागतं. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीची कार्डं ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरवर थांबली आहेत आणि तिथे व्हल्कन १.२च मिळतं. अशा कार्डावर प्रोटॉन ८ किंवा पुढच्या आवृत्त्यांत हा गेम उठणार नाही. प्रॉपर्टीजमधल्या ‘कंपॅटिबिलिटी’त जाऊन प्रोटॉन ७ निवडा. आवृत्ती बदलणं हा खरा उपाय ठरतो तो अशा जागी. इतरत्र तो काळोखात मारलेला दगड.

मध्ये गेमचं अपडेट आलं असेल तर

मॉड. बहुतेक वेळा उत्तर एवढंच असतं. एप्रिल २०२४मध्ये पन्नासावी आवृत्ती आली तेव्हा ढीगभर मॉड एका रात्रीत बंद पडले होते. आधी मॉडविना गेम चालवून बघा. तो चालला तर प्रोटॉनच्या वाटेला जाऊ नका. चौघांच्या मुख्य पडद्यावरचा आवृत्तीचा आकडा आणि मॉडची यादी जुळवून घ्या.

लिनक्सवर यात एक जादा मेख आहे. या गेमचे मॉड ‘बेपइनएक्स’ या मॉड चढवणाऱ्या प्रोग्रामवर चालतात, आणि ते गेममध्ये शिरतं ‘विनएचटीटीपी’ नावाच्या डीएलएल फाइलच्या वेषात. प्रोटॉनकडे त्याच नावाची स्वतःची फाइल असल्यामुळे ते गेमच्या फोल्डरमधल्या फाइलकडे बघतच नाही. गेम छान चालतो, मॉड एकही दिसत नाही. प्रॉपर्टीजमधल्या ‘लाँच ऑप्शन्स’मध्ये एक ओळ घालावी लागते. फोनवर सांगितल्यासारखी सांगते, इंग्रजीत टाइप करा: मोठ्या अक्षरांत वाइन डीएलएल ओव्हरराइड्स, तिन्ही शब्द जोडून आणि शेवटी एस. मग बरोबरचं चिन्ह. मग अवतरणचिन्हांत, छोट्या अक्षरांत विनएचटीटीपी, बरोबर, एन, स्वल्पविराम, बी. अवतरण बंद. एक जागा सोडून टक्केचिन्ह, छोट्या अक्षरांत कमांड, टक्केचिन्ह. एन म्हणजे आधी गेमजवळची फाइल घे, बी म्हणजे ती नसेल तर स्वतःची वापर. ‘आर२मॉडमॅन’ हे मॉड सांभाळणारं अ‍ॅप वापरत असाल तर ते स्वतःच लाँच ऑप्शन्समध्ये काय घालायचं ते दाखवतं. ते तसंच घ्या.

गेम चालतो, पण आवाज पोचत नाही

याला मी किरकोळ तक्रार मानत नाही. या गेमची भीती आवाजात आहे. जवळचा माणूस जवळून ऐकू येतो, लांबचा पुसट होत जातो, आणि मध्येच एखाद्याचं वाक्य अर्ध्यात तुटलं की बाकीच्यांना कळतं, तो गेला. बाहेर फिरणाऱ्या आंधळ्या कुत्र्यांना तुम्ही दिसत नाही, पण मायक्रोफोनमधला तुमचा खराखुरा आवाज ऐकू येतो. माइक बंद असलेला खेळाडू या गेममध्ये निम्माच असतो. “ताई, तुझं तोंड हलतंय पण आवाजच येत नाहीये,” असं माझा भाऊ दोन शनिवार सांगत होता.

माइक गेम सुरू करण्याआधीच लावा आणि सिस्टिमच्या ध्वनी सेटिंगमध्ये तोच मुख्य म्हणून निवडा. गेम चालू असताना मागून लावलेला माइक प्रोटॉनमधल्या गेमला बऱ्याचदा दिसत नाही. मग ‘पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हे छोटं अ‍ॅप बसवा. गेम चालू ठेवून त्यातलं ‘रेकॉर्डिंग’ पान उघडलं की गेम नेमका कुठल्या माइकवर कान लावून बसलाय ते दिसतं. माझा गेम वेबकॅमच्या माइकवर होता. तिथल्या तिथे बदलता येतो. त्यानंतर गेमच्या सेटिंगमध्येही तोच निवडा.

ब्लूटूथ हेडफोन असेल तर जरा थांबा. चांगला आवाज देणाऱ्या एटूडीपी पद्धतीत माइक नसतो. माइक चालू केला की हेडफोन फोन-कॉलच्या पद्धतीत जातो आणि सगळं टिनाच्या डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं. पावलं डावीकडून येतायत की मागून, ते कळेनासं होतं, आणि तेच कळायला हवं असतं. तारेचा, माइक असलेला साधा इअरफोन लॅपटॉपच्या एकत्र जॅकमध्ये लावणं हे माझ्या मते सगळ्यात उत्तम. नाहीतर ऐकायला ब्लूटूथ आणि बोलायला यूएसबी माइक.

आणखी एक, याच भीतीशी जोडलेलं. चालू होताना स्टीम ‘व्हल्कन शेडर’ (चित्र काढायच्या छोट्या सूचना) तयार करत बसतं आणि ‘स्किप’ करायचा मोह होतो. करू नका. नाहीतर नवा राक्षस पहिल्यांदा समोर येतो त्याच क्षणी चित्र अडखळतं. कॉइल-हेड हा प्राणी आपण बघत असेपर्यंतच थिजून उभा राहतो, तेव्हा तो अर्धा सेकंद महाग पडतो.

तरीही नाही जमलं तर

लॉग काढा. लाँच ऑप्शन्समध्ये मोठ्या अक्षरांत प्रोटॉन, अंडरस्कोअर, लॉग, बरोबरचं चिन्ह, १, आणि एक जागा सोडून मघाचंच टक्केचिन्हांमधलं कमांड. एकदा गेम चालवून तो पडू द्या. होम फोल्डरमध्ये स्टीम आणि १९६६७२० अशा नावाची लॉग फाइल येते. फाइल प्रचंड असते, सगळी वाचायची नाही. त्यात ‘रीड-ओन्ली’ किंवा ‘परमिशन डिनाइड’ सापडलं तर वर ड्राइव्हबद्दल लिहिलंय तिथे परत या. ‘व्हल्कन’जवळ ‘फेल्ड’ दिसलं तर ड्रायव्हर. यातलं काहीच नसेल तर मॉड सगळे काढून पुन्हा लॉग घ्या.

मदत मागताना वितरण (मिंट, उबुंटू वगैरे) कुठलं, कर्नल कुठला, ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरचा क्रमांक, प्रोटॉनची आवृत्ती, गेम कुठल्या फाइल सिस्टिमवर आहे आणि शेवटचा कधी चालला, हे लिहा आणि लॉग जोडा. ही तक्रार प्रोटॉनच्या समस्या-यादीत नोंदवायची, गेम करणाऱ्याकडे नाही. त्याने लिनक्सचं वचन कधी दिलेलं नाही आणि तो एकटा आहे.